राजदरबारचा मधला खांब

आमच्या लॉनचं करारपत्र पुढून मोठं देखणं आहे. वर गणपती, खाली वधूवरांची नावं लिहायला वेलबुट्टीची चौकट, मग तारीख, पंगती, रोषणाई, सगळं ठसठशीत अक्षरात. त्याची पाठ मात्र कुणी वाचत नाही. पाठीवर अटी आहेत, आणि त्या इतक्या बारीक छापल्या आहेत की मलाच आता भिंग लागतं. मुलीचा बाप सही करताना घाईत असतो, आणि नवरदेव तर हल्ली मोबाइलवर दिवसभर 'मी सहमत आहे'वर अंगठा मारत असतो, त्याला आमच्या कागदाचं काय कौतुक? मी मात्र प्रत्येकाला समोर बसवून पाठ वाचायला लावते. 'घडीच्या खुर्चीवर मानकऱ्यांस बसवू नये.' 'बुंदीच्या कढईत लहान मुलांना आंघोळ घालू नये.' 'घोडी मांडवाबाहेर थांबेल. नवरदेवाने घोडीसह आत येऊ नये.' लोक हसतात. हसू देत. यातली एकही अट मी पलंगावर बसून कल्पनेने लिहिलेली नाही. प्रत्येक अटीमागे एक माणूस आहे, आणि घोडीच्या अटीमागे एक घोडी आहे.

ताईचा मुलगा वकील आहे. इथेच बालाघाटच्या कोर्टात बसतो आणि लॉनच्या कामात मला हातभार लावतो. मागे एकदा तो लाल पेन घेऊन करारपत्राची पाठ दुरुस्त करायला बसला. "मावशी, ये सब कोर्ट में टिकेगा नहीं," म्हणाला, आणि शेवटच्या अटीपाशी आल्यावर तर कपाळाला हात लावून तिच्यावर सरळ फुली मारली. "और ये क्या है? इसका तो मतलबच नाही काही." तो कितीही शिकला असला तरी ती अट त्याच्या जन्माआधीची आहे. ती कुठून आली हे त्याला तोंडी सांगायला गेले तर तो मध्येच फोन घेईल, म्हणून लिहायला बसले आहे.

लॉन व्हायच्या आधी आमचं टेंट हाऊस होतं. घर म्हणावं तर पुढची खोली गोदाम, आणि गोदाम म्हणावं तर मागच्या खोलीत आम्ही राहत होतो. ही हद्द बाबांनी कधी पाळली नाही आणि लग्नाच्या सीझनमध्ये तर आम्हीच गोदामात ठेवलेल्या सामानासारखे कोपऱ्यात सरकत असू. सतरंज्यांच्या थप्पीवर माझा अभ्यास, पडद्यांच्या गठ्ठ्यावर ताईची झोप. पहाटे लांबून छोट्या गाडीची, म्हणजे नॅरोगेज रेल्वेची, शिट्टी यायची आणि तिच्या पाठोपाठ आमच्या अंगणात लोखंडी पाइप आदळायला लागायचे. दुपारी माजघरात ताईचं शिलाई मशीन खडखडायचं, संध्याकाळी बाबा भोंगे तपासायचे आणि सगळ्या गल्लीला "हॅलो, हॅलो" ऐकावं लागायचं. आईची तक्रार वेगळीच होती. घरात गावजेवणाची पातेली होती, पण आम्हा चौघांच्या वरणाला पुरेल एवढं लहान भांडं वेळेवर कधी सापडत नसे. तेही भाड्याने गेलेलं असायचं. मग ती लाखोळीची डाळ भल्यामोठ्या पातेल्याच्या बुडाशी शिजवायची आणि वाढताना कमरेपर्यंत आत वाकायची. सीझनमध्ये परत आलेल्या कढयांना वांगं-बटाट्याच्या रश्श्याचा वास असायचा, चिंच आणि राखेने कितीही घासलं तरी तो जात नसे. आजही कुठे तो वास आला की मला आधी आईची पाठ दिसते.

टेंट हाऊसची शान म्हणजे राजदरबार. हा आमचा मोठा शामियाना. लाल, पिवळ्या, निळ्या कापडाची मोठमोठी फुलं, फुलांच्या पोटात आरशाचे तुकडे, कडेने झालर. बालाघाटात दुसरे शामियाने होते, पण राजदरबार एकच होता, असं बाबा म्हणत. त्याच्यासोबत लाल मखमलीच्या दोन राजा-राणी खुर्च्या जात, हातांवर सिंहाची तोंडं असलेल्या. दर लग्नातून राजदरबार काहीतरी अंगावर घेऊन यायचा. कुठे फटाक्याची ठिणगी, कुठे उंदीर, कुठे पंगतीतल्या एखाद्या हौशी माणसाचं पान खाऊन पुसलेलं बोट. ते सगळं ताई दुरुस्त करी. मॅट्रिक झाल्यापासून ती त्या मशीनवर होती आणि राजदरबारचं प्रत्येक ठिगळ तिला तोंडपाठ होतं. वर बोट दाखवून ती मला सांगायची, "थे निळं फूल दिसते का तुले? थे माह्या जुन्या फ्रॉकचं हाय." तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. आईच्या कुशीत तोंड घालून एवढंच म्हणाली, "माय, मले राजदरबारातच लगन करायचं हाय." बाबा दारामागे उभे राहून ऐकत होते. ते बाहेर आले आणि ऐन वैशाखातल्या तिच्या लग्नाच्या आठवड्यात राजदरबार कुणाला द्यायचा नाही असं त्यांनी कामगारांना सांगून टाकलं.

बाबांचा धंदा जिभेवर चालायचा. कागद नाही, पावती नाही. गिऱ्हाईक आलं की चहा, सुपारी, आणि मग बाबा छातीवर हात ठेवून असा काही शब्द देत की समोरच्याला आपण नवरी नाही याचं वाईट वाटावं. आई भंडाऱ्याकडची. तिचे वडील कोर्टात बेलिफ होते, त्यामुळे तिचा माणसावर विश्वास होता पण माणसाच्या बोलण्यावर नव्हता. "लिहून घेत जा जी," ती म्हणायची. बाबा म्हणत, "अवं, लिहून कोन घेते? ज्याचा शब्द कच्चा थो. आपला शब्द म्हंजे लोखंड." आई म्हणे, "हौ, लोखंडच. गंजते तवा समजते."

त्या वर्षी ताईच्या लग्नाच्या आधी लांजीकडचे तुळशीरामजी राजदरबार ठरवायला आले. शेतकरी माणूस, एकुलती एक मुलगी, हौस मोठी. त्यांनी भीत भीत विचारलं, "भाऊ, मांडव कवापावतर राहील जी?" दुसरा कुणी असता तर 'वरात गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवू' म्हणाला असता. बाबांच्या छातीवर हात गेला. "तुळशीरामजी, सारं सुखरूप आटपत नाई तोवर राजदरबार तुमचा. तुमीच मालक!" आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. तो आईचा होता.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मांडव घालायला बाबा स्वतः गेले. आपल्याकडे लग्नाची मेढ, म्हणजे मांडवाचा मानाचा खांब, आधी रोवावी लागते, तिला आंब्याची पानं, हळदीचं कापड बांधून देवक बसवतात. तुळशीरामजींचे भाऊबंद मेढीसाठी खड्डा खणू लागले तर वैशाखातली जमीन, पहार टणकन वर येई. बाबांना दया आली. "दोन दोन खड्डे काहून करता जी? राजदरबारचा मधला खांब रोवलाच हाय. बांधा ना त्यालेच देवक." सगळ्यांना ती युक्ती फार आवडली. घरी येऊन बाबांनी ती आम्हाला कौतुकाने सांगितलीसुद्धा. आईने फक्त विचारलं, "देवक कवा उठते, मालूम हाय ना तुमाले?" बाबांचा चेहरा जरा उतरला, पण ते म्हणाले, "उठते ना लगनाच्या दोन दिवसांत. पोरगी मांडवपरतणीले आली का उठलं."

म्हणजे असं, की लग्न होऊन मुलगी सासरी जाते, मग एकदा माहेरी परत येते, ती आली की देवक उठवायचं आणि मगच मांडव उतरवायचा. ती यायच्या आधी मांडव काढला तर मुलीला बाधतं. आमचा मुकादम मंगलू हिंदीभाषी होता, त्याच्या लेखी बिदाई झाली की लग्न संपलं. आमच्या लेखी ती येऊन गेली की संपलं. एरवी याने काही बिघडत नसे, कारण आमचं गिऱ्हाईक आपला छोटा हिरवा मांडव वेगळा घालायचं आणि मुली दोन दिवसांत परत येत. तुळशीरामजींची मुलगी आली नाही.

ती का आली नाही याचं कारणही आमच्याच गोदामातून गेलेलं होतं. तिचं सासर हट्ट्याच्या पलीकडे. नवऱ्या मुलाचे मामा, डोमाजी, हे त्या घरातलं मोठं मानाचं माणूस. अंगाने भारदस्त, फेटा त्याहून भारदस्त. आहेराच्या वेळी त्यांना मांडवाच्या मध्यभागी मानाने बसायला खुर्ची दिली, ती आमची घडीची लोखंडी खुर्ची. डोमाजी बसले आणि खुर्ची मिटली. नुसती मोडली असती तर माणूस खाली पडतो, लोक उचलतात, प्रकरण मिटतं. इथे खुर्ची मिटली ती डोमाजींना आत घेऊन. पाय वर, फेटा खाली. त्यांना सोडवायला मंगलूला पान्हा आणावा लागला. अख्खा मांडव हसला आणि मुंडावळ्यांच्या आडून नवरीही हसली. डोमाजींनी ते उलट्या डोक्याने पाहिलं.

सुटका झाल्यावर ते म्हणाले, "माह्या मानाची जागा मोडली. मले मानानं बसवत नाई तोवर सून माहेराले जानार नाई." तुळशीरामजी समजूत घालायला गेले. शेला नेला, फेटा नेला, लाडूंचा डबा नेला. डोमाजींनी सगळं घेतलं, पण बसले नाहीत. मुलीकडचं माणूस समोर असेपर्यंत ते उभेच राहत. हट्टा म्हणजे आधीच नावात हट्ट, त्यात हे मामा.

दिवस जाऊ लागले. राजदरबार लांजीकडे उभा, आणि ताईच्या हळदीची तयारी आमच्या अंगणात सुरू. मंगलू म्हणाला, "सेठ, मैं रस्सी खोल के ले आता हूँ, आधे घंटे का काम है." बाबांनी कानावर हात ठेवले. "मंगलू, पाप लगेगा. बेटी का देवक है." शेवटी आई, बाबा आणि मी बसने तिकडे गेलो. काय बोलायचं हे बाबा रस्ताभर घोकत होते. "सांगतो, सरळ सांगतो. धंदा हाय बाप्पा आपला."

राजदरबारची जी अवस्था पाहिली ती मी जन्मात विसरणार नाही. अख्खं गाव त्याच्या सावलीला राहायला आलं होतं. एका कोपऱ्यात बायकांनी कुरडया वाळत घातल्या होत्या, दुसऱ्या कोपऱ्यात पत्त्यांचा डाव, एका खांबाला शेळी, एका खांबाला पाळणा. शाळामास्तर उन्हाळी शिकवणी तिथेच घेत होते. मध्यभागी मधला खांब, हळदीच्या कापडात गुंडाळलेला, आंब्याची पानं वाळून कुरकुरीत झालेली, आणि त्याच्याजवळ तुळशीरामजींची बायको बसलेली. ती तिथून फारशी हलतच नसे. मुलगी येईल तेव्हा आधी तिथेच येईल, म्हणून. बाबांना पाहताच सगळे उठून उभे राहिले. "टेंटवाले भाऊ आले! भाऊ, काय मांडव देला जी, गावाले सावली झाली!" आमरस आला, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या आल्या. बाबा खात राहिले. मी वाट पाहत होते, आता बोलतील, आता बोलतील. तुळशीरामजींनी हात जोडले, "भाऊ, तुमचा शब्द म्हनून धीर हाय. तुमीच म्हनले, सारं सुखरूप आटपत नाई तोवर मांडव तुमचा. दुसरा कोनी असता तं केव्हाच सोडून नेला असता." यावर माझे बाबा, जे रस्ताभर घोकत आले होते, छातीवर हात ठेवून म्हणाले, "काळजी काहून करता जी? मी हावो ना."

आईने वडी खाली ठेवली. ती म्हणाली, "तुळशीरामजी, आमच्याही पोरीचं लगन हाय. याच मांडवात." पत्त्यांचा डाव थांबला. तुळशीरामजींची बायको खांबापासून उठली, आईजवळ आली आणि तिचे हात धरून रडायला लागली. "बाई, घेऊन जा तुमचा मांडव. माह्या पोरीचं जे व्हायचं थे होईल. तुमच्या पोरीचं काहून अडवायचं?" हे ऐकल्यावर मात्र आईच्याही डोळ्यांत पाणी आलं. मांडव मागायला गेलेल्या बाईने मांडव नेणार नाही म्हणून शपथ घेतली. मी तेव्हा शहाणी नव्हते, पण दोन्ही बाजू खऱ्या असल्या की भांडण किती अवघड होतं हे मला त्या आमरसाच्या वाटीसमोर कळलं. कुणीच लबाड नव्हतं. फक्त शब्द सैल होता.

परतीच्या बसमध्ये आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "थो मामा खुर्चीनं पडला ना? मंग खुर्चीनंच उठंल." बाबांना कळेना. "आपली राजाची खुर्ची," आई म्हणाली. "आन त्याले थे नेऊन द्या बसाले."

वरातीनंतर गोदामात परत आलेली राजाची खुर्ची दुसऱ्या दिवशी हट्ट्याच्या बसच्या टपावर चढली. कंडक्टर तिचं तिकीट मागत होता आणि बाबा म्हणत होते की खुर्चीवर कुणी बसलेलं नाही तर तिकीट कशाचं. उतरल्यावर मंगलूने ती डोक्यावर घेतली आणि आमची वरात डोमाजींच्या अंगणात शिरली. डोमाजी आम्हाला पाहून लगबगीने उभे राहिले, म्हणजे बसलेलं दिसू नये. बाबांनी काही न बोलता खुर्ची अंगणाच्या मधोमध ठेवली. आईने पदराने मखमल पुसली. डोमाजींनी खुर्चीभोवती एक फेरी घातली, सिंहाच्या तोंडात बोट घालून पाहिलं, वाकून खालून पाहिलं.

"मिटत तं नाई ना?" त्यांनी विचारलं.

"मिटतच नाई जी, जोडच नाई तिले," बाबा म्हणाले आणि पुराव्यादाखल स्वतः तिच्यावर दाणकन बसून उठले.

"अखीन एकदा बसा."

बाबा पुन्हा बसले. मग मंगलूला बसवलं. मग दोघांना एकदम. घरातल्या बायका दारातून पाहत होत्या आणि त्यांच्यात तुळशीरामजींची मुलगीही होती. ती या वेळी तोंडाला पदर घट्ट दाबून उभी होती. शेवटी डोमाजींनी फेटा सारखा केला, धोतर सावरलं आणि सावकाश, जमीन तपासत गाडी घाटातून उतरावी तसे ते खुर्चीत उतरले. सिंहांच्या डोक्यांवर हात ठेवले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की मला वाटलं, या माणसाला जन्मभर कुणी नीट बसवलंच नव्हतं.

"मामाजी, माह्या खुर्चीनं तुमचा अपमान झाला, माफ करा," बाबा हात जोडून म्हणाले. आणि मग, सवयीने, हात छातीवर गेला. "आता बसा. मनसोक्त बसा. तुमचं मन भरंल तोवर बसा!"

आईने कोपर मारलं, पण उशीर झाला होता. शब्द सुटला होता.

दुसऱ्याच दिवशी सून माहेरी आली. डोमाजी स्वतः तिला घेऊन आले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, राजाच्या खुर्चीवर बसून. आम्ही तिथे होतो. मुलगी ट्रॉलीतून उतरली ती धावत मधल्या खांबाशी गेली आणि आईच्या गळ्यात पडली. देवक उठलं. कुरडया उचलल्या, शेळी सोडली, मास्तरांनी पोरांना सुट्टी दिली, आणि ज्या गावाने राजदरबार अडकवला होता त्याच गावाने तो हातोहात उतरवून ट्रॉलीत भरला. निघताना बाबांनी डोमाजींना अदबीने विचारलं, "मामाजी, खुर्ची?" डोमाजी शांतपणे म्हणाले, "मन नाई भरलं अजून." बाबांनी आईकडे पाहिलं. आई आकाशाकडे पाहत होती.

ती खुर्ची आजतागायत परत आलेली नाही. मध्यंतरी एका लग्नाच्या निमित्ताने मी त्या गावात गेले होते. डोमाजी केव्हाच गेले. त्यांचा नातू ओसरीवर तिच्यात बसून मोबाइल पाहत होता. मखमल बदलली आहे, सिंहांना सोनेरी रंग दिला आहे. मी ओळख सांगितली तर तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, आजोबा बोले थे, इसका कोई किराया नहीं लगता." बरोबर बोलला. लिहिलंच नव्हतं तर लागेल कसं?

तर ताईचं लग्न राजदरबारात झालं. त्याला कुरडयांचा वास येत होता आणि शेळीने झालर खाल्लेली होती, पण ताई वर पाहून हसत होती. राणीची एकच खुर्ची उरली होती. तिच्यावर कुणी बसायचं यावरून वरपक्षात कुजबुज सुरू झाली, तेव्हा गोंदियाहून आलेल्या आमच्या जावईबापूंनी स्वतः घडीची खुर्ची ओढून घेतली आणि ताईला मखमलीवर बसवलं. मला ते त्या क्षणापासून आवडले. बाबांनी धावत येऊन त्यांची खुर्ची सुतळीने चहूबाजूंनी बांधली. लग्नाच्या फोटोत ती सुतळी आजही दिसते.

एका गोष्टीचा अर्थ मात्र तेव्हा मला कळला नव्हता. मेढ रोवायच्या वेळी आईने मुद्दाम वेगळा खड्डा खणून ठेवला होता, हिरवा बांबूही आणला होता. बाबा त्या खड्ड्यापाशी जरा थांबले. मग ताईचं नाव घेऊन खालमानेने म्हणाले, "सुमनचं देवक मधल्या खांबालेच बांधू." आई त्यांच्याकडे पाहत राहिली. "इतकं सारं झाल्यावर?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "तिनं मागितलं काय, त राजदरबार. मंग पुरा द्याचा ना." आईने वाद घातला नाही. बांबू तिने वेलाला लावून टाकला.

ताई छोट्या गाडीने गोंदियाला गेली. दुसऱ्या दिवशी पुढच्या लग्नासाठी राजदरबार जायचा होता. बाबांनी मला बोलावलं. "छबू, कागद आन. तुह्यं अक्षर चांगलं हाय." आणि आमच्या टेंट हाऊसच्या पहिल्या अटी त्यांनी मला सांगितल्या. वरात गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरवला जाईल. मेढ गिऱ्हाइकाने आपली वेगळी रोवावी. घडीच्या खुर्चीवर मानकऱ्यांस बसवू नये. खुर्ची बसण्यासाठी दिली आहे, कायमची नाही. आई आतून हुंकार देत होती. मी खाली बाबांची सही घेतली. मग मंगलू राजदरबार उतरवायला आला आणि बाबा त्याला म्हणाले, "बीच का खंबा छोड़ दे."

"सेठ, बीच के बिना पंडाल खड़ा कैसे होगा?"

"दो बल्ली जोड़ के कर ले."

पावसाळ्याच्या आधीच्या उरलेल्या लग्नांत राजदरबार मधून जरासा वाकलेला होता. कुणी तक्रार केली तर बाबा सांगत, "थो खांब बुकिंगले गेला हाय." खांब आमच्या अंगणात होता. वर छत नाही, बाजूला पडदा नाही, नुसता एक खांब, हळदीच्या कापडात गुंडाळलेला. त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालायची मनाई होती. ताईचे सासरे आजारी पडले, तिला यायला जमेना. पावसाळा लागला तसं बाबांनी कापडावर प्लास्टिक गुंडाळलं. संध्याकाळी ते स्टूल घेऊन खांबाजवळ चहा प्यायला बसत. मशीन बंद असल्याने घर फार शांत झालं होतं, आणि त्या शांततेत छोट्या गाडीची शिट्टी आली की बाबा दाराकडे पाहत आणि मग चहाकडे. आई त्यांना लिहून घेण्याबद्दल त्या दिवसांत एकदाही बोलली नाही.

ताई जावईबापूंसोबत पोळ्याला आली. फाटकातून आत येताच तिने खांब पाहिला आणि पिशवी तिथेच टाकून म्हणाली, "बाबा, हा काहून उभा हाय जी अजून?" बाबा म्हणाले, "तू कुठं आली होती अजून?" आणि रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. देवक उठलं, खांब काढला, खड्डा भरला. त्या संध्याकाळी आईने कुठूनसं लहान पातेलं शोधून काढलं आणि आता पाच जणांचं वरण त्यात मावेना. जेवण झाल्यावर बाबांनी मला पुन्हा तो अटींचा कागद आणायला सांगितला. "अखीन एक लिही," म्हणाले. "सगळ्यात खाली. बारीक लिही, कोनाले दिसलं नाई तरी चालंल."

ती ही अट, जिच्यावर भाच्याने फुली मारली: 'मांडव वेळेवर उतरवला जाईल. परंतु वधूपित्याची इच्छा असल्यास एक खांब त्याच्या दारी, मुलगी माहेरी येऊन जाईपर्यंत राहील. त्याचे भाडे नाही.'

मी त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. करारपत्र फुलीसकट तसंच टेबलावर पडून होतं. परवा दुपारी मी भिंग शोधत होते तेव्हा लॉनचा फोन वाजला आणि तो त्याने उचलला. पलीकडे आमचंच एक गिऱ्हाईक होतं, बिरशाकडचे हिंदीभाषी गृहस्थ. सही करताना अटी वाचून तेच सगळ्यात जास्त हसले होते. त्यांची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, ती अजून माहेरी आली नव्हती. त्यांच्या दारच्या मांडवाचा खांब न्यायला आमचा माणूस तिथे उभा होता, आणि ती येईपर्यंत खांब राहू द्या, लागेल ते भाडं देतो, असं ते म्हणत होते. भाचा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने समोरचा कागद उलटा केला, खालची ओळ वाचली, पुन्हा वाचली. 

मग म्हणाला, "नहीं नहीं अंकल, रहने दीजिए. टर्म्स में है."